उरलेला एकुलता संपत्ती कर

फेब्रुवारीच्या सॅलरी स्लिपमध्ये शंभर रुपये जास्त कापलेले असतात. डोंबिवलीहून पंचवीस-तीस वर्षं लोकलने जाऊन नोकरी केलेल्या माणसालाही त्याचं कारण विचारलं तर तो जरा अडखळतो. कारण अगदी साधं आहे. महाराष्ट्रात व्यवसाय कर, म्हणजे आपला प्रोफेशनल टॅक्स, दरमहा 200 रुपये आहे. अकरा महिन्यांचे 2200 होतात. राज्यघटनेच्या 276व्या अनुच्छेदाने या करावर वर्षाला 2500 रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे, तेव्हा उरलेले 300 फेब्रुवारीत घेतले जातात. मर्यादेतला शेवटचा रुपयाही सरकारने सोडलेला नाही.

हा कर कोण किती भरतो ते पाहण्यासारखं आहे. महिना दहा हजारांच्या वर पगार असलेल्या प्रत्येक पुरुषाला वर्षाचे 2500 लागतात. घोडबंदर रोडवरच्या टॉवरच्या गेटवर बारा तास उभा राहणारा सिक्युरिटी गार्ड तेवढेच भरतो आणि त्याच टॉवरच्या तिसाव्या मजल्यावर राहणारा कंपनीचा बडा अधिकारीही तेवढेच भरतो. (स्त्रियांना 2023 पासून 25 हजारांपर्यंतच्या पगारावर सूट मिळाली, हे बरं झालं.) गार्डचा पगार महिना 15 हजार धरला तर 2500 म्हणजे त्याची पाच दिवसांची कमाई. साहेबांचा पगार महिना 15 लाख धरला तर ऑफिसात पोचून पहिला चहा टेबलावर येईपर्यंत तेवढे सुटलेले असतात.

गंमत अशी की हा कर जन्माला आला तो समतेच्या विचारातून. 1972च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या डोक्यातली रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. मागेल त्याला काम द्यायचं तर पैसा लागणार, आणि तो शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांनी द्यावा, या हेतूने 1975 साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून गावातल्या मजुराच्या हाताला काम, इतका सरळ हिशेब देशात तेव्हा दुसऱ्या राज्याने क्वचितच मांडला असेल. कर ठरवतानाची मर्यादा मात्र घटनेची. ती आधी 250 रुपये होती, 1988 साली 2500 झाली आणि तिथेच थांबली. तेव्हापासून महागाई किती पट वाढली हे वाण्याच्या दुकानात जाणाऱ्या कुणालाही सांगायला नको. परिणाम दुहेरी झाला. वरच्याचा कर दरवर्षी महागाईने थोडा थोडा झिजत गेला आणि एकेकाळी जो दहा हजारांचा पगार चांगला समजला जायचा तो आज शहरातल्या हातावर पोट असलेल्या माणसाचा झाल्याने खालचा आपोआप कराच्या जाळ्यात ओढला गेला. कुणी ठराव केला नाही, कुणी मतदान केलं नाही. नुसतं काही न करण्यातून हा अन्याय झाला.

रक्कम लहान आहे, त्यामुळे त्यावर कुणी भांडत नाही. पण मोठ्या करांतही हेच चालतं, फक्त तिथे ते एवढं उघडं दिसत नाही.

आमच्या भागात 'आम्ही टॅक्स भरतो' हे वाक्य फार ऐकू येतं. सोसायटीच्या सभेत, रिक्षा स्टँडवर, खड्ड्यांवरून, फेरीवाल्यांवरून, आणि 2024 पासून लाडकी बहीण योजनेच्या दीड हजार रुपयांवरून. बोलणाऱ्याच्या मनात टॅक्स म्हणजे इन्कम टॅक्स असतो आणि टॅक्स भरणारा म्हणजे आयटी रिटर्न भरणारा. त्याच्याच घरी धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईला मात्र तो फुकट घेणाऱ्यांच्या रांगेत बसवतो.

त्या बाईचा महिना जरा जवळून पाहू. चार-पाच घरची कामं करून तिला 12-14 हजार मिळतात. महिनाअखेर त्यातलं काही उरत नाही, म्हणजे सगळं खर्च होतं. सुटं धान्य, भाजी, दूध यांवर कर नाही हे मान्य. पण अंगाचा साबण, टूथपेस्ट, पोराच्या डब्यातला बिस्किटाचा पुडा, केसांचं तेल यांवर सप्टेंबर 2025 पर्यंत 18 टक्के जीएसटी होता. 22 सप्टेंबरला तो 5 टक्क्यांवर आला. चांगली गोष्ट झाली, पण म्हणजे 1 जुलै 2017 पासून आठ वर्षं ती त्या पुड्यावर 18 टक्के देत होती. मोबाइलच्या रिचार्जवर ते 18 टक्के आजही आहेत, आणि मोबाइल नसेल तर 'ताई, आज येऊ नको, आम्ही बाहेर चाललोय' हे तिला कळणार कसं? उलट ज्याच्या घरात महिना चार लाख येतात त्याचे निम्मे तरी म्युच्युअल फंडात जातात. वाचवलेल्या रुपयावर जीएसटी लागत नाही. उत्पन्नाच्या मानाने पाहिलं तर खर्चावरचा कर हा ज्याला वाचवणं परवडत नाही त्याच्यावरच जास्त बसतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं पुस्तक हेच सांगतं. सभेत ते कुणी सांगत नाही, इतकंच.

तरी सोसायटीतल्या त्या पगारदाराचा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. त्याचा पगार खात्यात येण्याआधी टीडीएस कापला जातो. त्याला लपवता येत नाही. तोच माणूस कल्याणला फ्लॅट बघायला जातो तेव्हा विकणारा शांतपणे विचारतो, चेकने किती, कॅशने किती? फी रोख घेऊन पावती न देणारा डॉक्टर, बिल हवं असेल तर भाव वेगळा सांगणारा दुकानदार, हे सगळे त्याने पाहिलेले असतात. आपल्या करव्यवस्थेचा खरा नियम ऐपत हा नाही, जो सापडतो त्याच्याकडून घ्या हा आहे. पगारदार सापडतो. साबण विकत घेणारी बाई सापडते. म्हणून दोघं भरतात, आणि मग एकमेकांकडे बोट दाखवतात.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी हा घोळ केला नव्हता. 1902च्या अर्थसंकल्पावर बोलताना सरकारची तिजोरी शिलकीत असताना लोक मात्र हलाखीत आहेत, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं आणि एका दमात दोन मागण्या केल्या. मिठावरचा कर उतरवा आणि प्राप्तिकर लागू होण्याची मर्यादा 500 रुपयांवरून 1000 वर न्या. पहिली मागणी गरिबाची, दुसरी कारकून-मास्तरांची. पुढच्या वर्षी दोन्ही मान्य झाल्या. मध्यमवर्ग आणि गरीब करांच्या बाबतीत एका बाजूला उभे राहू शकतात हे तेव्हाच्या पुण्या-मुंबईच्या राजकारण्याला सुचत होतं. आपल्याला ते आता का सुचत नाही हा प्रश्न मला छळतो.

याचं एक कारण असं की तिसरी बाजू नजरेआड गेली आहे. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, आणि 24 लाखांच्या वर 30 टक्के लागतो. म्हणजे वरच्या पगाराचा प्रत्येक पुढचा रुपया 30 टक्क्यांनी कापला जातो. शेअर वर्षभर ठेवून विकला तर सव्वा लाखापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के. घामाच्या रुपयापेक्षा झोपेत वाढलेल्या रुपयावर कर कमी. आणि जो रुपया नुसता पडून आहे, वडिलांकडून आला, विकला नाही, त्यावर काहीच नाही.

नेहमी असं नव्हतं. चिंतामणराव देशमुख मराठी माणसाला आठवतात ते 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे म्हणून. त्यांच्याच कारकिर्दीत 1953 साली इस्टेट ड्युटी, म्हणजे मृत्यूनंतर वारसांकडे जाणाऱ्या मालमत्तेवरचा कर आला, हे फारसं कुणी सांगत नाही. 1957 साली त्यापाठोपाठ संपत्ती कर आला. पहिला 1985 साली गेला, दुसरा 2015च्या अर्थसंकल्पात. दोन्ही जाताना एकच कारण दिलं गेलं: वसुली थोडी, कटकट फार. ते खोटं नव्हतं. कायद्यात इतकी भोकं ठेवली होती की बडी माणसं त्यातून सुखरूप बाहेर पडत. भोकं बुजवण्याऐवजी करच काढला. 2019 साली कंपन्यांवरचा मूळ कर 30 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर आणला. मी काही 1973-74 सालच्या, प्राप्तिकराच्या पावणेअठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या काळात परत चला असं म्हणत नाही. त्या दराने प्रामाणिकपणाला शिक्षा आणि काळ्या पैशाला आमंत्रण दिलं. पण त्या वेडेपणातून बाहेर पडता पडता आपण दुसऱ्या टोकाला पोचलो. पॅरिसच्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासकांच्या 2024 मधल्या अंदाजानुसार 2022-23 साली देशातल्या वरच्या 1 टक्का लोकांकडे उत्पन्नाचा 22.6 टक्के आणि संपत्तीचा 40.1 टक्के वाटा होता. उत्पन्नापेक्षा संपत्तीचं अंतर जवळजवळ दुप्पट, आणि संपत्तीवरचे कर तेवढे आपण काढून टाकले.

एक सोडून. केवळ मालकीची आहे म्हणून, विका न विका, दरवर्षी ज्या वस्तूवर ठळक असा कर द्यावा लागतो ती म्हणजे घर. तो कर दिल्ली घेत नाही, महापालिका घेते. आपण त्याला घरपट्टी म्हणतो. घरपट्टी हा या देशात उरलेला जवळपास एकमेव संपत्ती कर आहे, आणि तिचा न्याय-अन्याय ठाण्याच्या आणि कल्याणच्या पालिकेत ठरतो. म्हणून विषमतेची चर्चा करायला मला अंबानी-अदानींपर्यंत जावंसं वाटत नाही. घरपट्टीचं बिल पुरेसं आहे.

हे बिल आपण सगळे भरतो आणि जवळजवळ कुणीच वाचत नाही. सामान्य कर, पाणीपुरवठा लाभ कर, मलनिस्सारण, मार्ग कर, अग्निशमन, वृक्ष कर, राज्य सरकारचा शिक्षण कर अशा ओळी असतात आणि खाली बेरीज. या सगळ्यांच्या वर, डोळ्यांत न भरेल अशा जागी एक आकडा असतो: करयोग्य मूल्य. सगळी कथा त्या आकड्यात आहे. तो काढतात असा: हे घर भाड्याने दिलं तर महिन्याला चौरस मीटरमागे किती भाडं यावं याचा दर पालिका ठरवते, त्याला क्षेत्रफळाने आणि बाराने गुणते, दुरुस्तीसाठी 10 टक्के वजा करते. उरलेल्या रकमेच्या ठरावीक टक्के म्हणजे तुमची घरपट्टी. कल्याण-डोंबिवलीत सगळे कर मिळून घराच्या करयोग्य मूल्याच्या 71 टक्के होतात अशी ओरड कित्येक वर्षं ऐकू येते आणि राज्यात सर्वाधिक कर आमचाच असं नगरसेवक सभागृहात सांगत आले.

पण टक्केवारीवरून भांडणं व्यर्थ आहे. भांडण त्या भाड्याच्या दरावरून व्हायला हवं. समजा 40 चौरस मीटरचं घर आहे आणि दर 20 रुपये लावला. वर्षाचे 9600, दहा टक्के गेले, उरले 8640, त्याचे 71 टक्के म्हणजे 6134 रुपये. आता तेवढंच घर, पण इमारत जुनी आणि तिच्या वेळी दर 5 रुपये लागलेला. कर येतो 1534. टक्केवारी तीच, पालिका तीच, घर तेवढंच. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण यामागची पद्धत खरी आहे. घराची आकारणी ज्या काळात झाली त्या काळचा दर त्याला चिकटून राहतो. डोंबिवलीत फडके रोडला लागून, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर जुन्या इमारतीत ज्याचं घर आहे, त्या घराची आजची बाजारकिंमत टिटवाळ्याच्या नव्या वन रूम किचनच्या कितीतरी पट आहे. टिटवाळ्याच्या माणसाने कर्ज काढून, दागिने मोडून ते घर घेतलं, तो पहाटेची लोकल पकडून दीड तास लटकत कामाला जातो, आणि चौरस मीटरमागे घरपट्टी मात्र त्याची जास्त. जुन्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटची बोलणी सुरू झाली की कॉर्पस फंडाच्या पाठोपाठ येणारा प्रश्न हाच असतो, 'नवीन बिल्डिंगला घरपट्टी किती येईल हो?' लोकांना ठाऊक असतं की आपण आजवर फार स्वस्तात सुटलोय.

याला पालिकेचा आळस एकटा जबाबदार नाही. 1947च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी गोठली, आणि सर्वोच्च न्यायालयाने दिवाण दौलतराय कपूर खटल्यात कायद्याने ठरलेल्या प्रमाण भाड्यापेक्षा जास्त भाडं गृहीत धरून कर लावता येणार नाही असं सांगितलं. पागडीच्या घरासाठी ते ठीकच होतं. पण त्या गोठलेल्या आकड्यांची सवय सगळ्यांनाच लागली. जगात हा प्रकार आपल्याकडेच आहे असंही नाही. कॅलिफोर्नियात 1978 साली मतदारांनी प्रपोझिशन 13 मंजूर केलं, ज्यामुळे घर विकलं जाईपर्यंत त्याचं करासाठीचं मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढत नाही. आज तिथे शेजारशेजारच्या सारख्या घरांत जुना मालक नव्याच्या काही अंशच कर भरतो. जो आधी आला त्याला कायमची सवलत, जो नंतर आला त्याच्यावर सगळा भार. ठाणे जिल्ह्यात नंतर आलेला म्हणजे बहुतेक वेळा गरीब, कारण स्टेशनजवळची जागा केव्हाच संपली.

आता 500 चौरस फुटांचा मुद्दा. 2017च्या निवडणुकीत शिवसेनेने मुंबई-ठाण्यात 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांची घरपट्टी माफ करण्याचं वचन दिलं. मुंबईत जानेवारी 2022 मध्ये ती माफ झाली. ठाण्यात त्याच वर्षी सामान्य करापुरती सवलत आली. बाकीच्या ओळी तशाच राहिल्या. हेतूबद्दल मला शंका नाही. छोटं घर म्हणजे साधारण छोटी ऐपत, हा अंदाज बराचसा खरा आहे. पण चौरस फूट हे माप जमिनीला चांगलं, माणसाच्या ऐपतीला नाही. ठाण्याच्या महागड्या नौपाड्यातलं साडेचारशे फुटांचं घर आणि स्वस्त दिव्यातलं साडेपाचशे फुटांचं घर यांत सवलतीचा हकदार नौपाडा ठरतो, दिवा नाही. एकाच माणसाच्या नावावर 450 फुटांची तीन घरं असतील आणि दोन भाड्याने दिलेली असतील, तर तो लहान घरवालाच.

मुंबईच्या विधिमंडळात 1927 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थसंकल्पावर बोलले होते. कोलंबिया आणि लंडनमध्ये सरकारी अर्थकारण शिकून आलेल्या, प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवर 1925 साली ग्रंथ लिहिलेल्या माणसाचं ते भाषण होतं. जमीन महसुलावर त्यांचा आक्षेप नेमका होता. शेतकऱ्याचं उत्पन्न कितीही असो, पीक येवो न येवो, त्याला सारा भरावाच लागतो; प्राप्तिकर मात्र ज्याला त्या वर्षी उत्पन्न नाही त्याला मागतच नाही. शिवाय जहागीरदाराला आणि तुकडाभर जमिनीच्या कुळाला एकच मोजमाप लागू. ते मोजमाप एकराचं होतं, आपलं चौरस फुटाचं आहे. शंभर वर्षं होत आली.

घरपट्टी घराच्या आजच्या किमतीवर लावा असं म्हटलं की पहिली हरकत येते ती फडके रोडवरूनच, आणि ती वजनदार आहे. निवृत्त शिक्षिका, वय 74, नवऱ्याच्या पश्चात एकटी, अर्धी पेन्शन. 1978 साली तिने सोसायटीत घर घेतलं. आज त्याची किंमत कोटीत गेली यात तिची काही चूक नाही, आणि त्या कोटीतला रुपयाही तिच्या हातात नाही. तिने कर कुठून द्यायचा? घराने श्रीमंत आणि पैशाने गरीब असलेली अशी माणसं डोंबिवलीत आणि ठाण्याच्या जुन्या भागात हजारोंनी आहेत, आणि त्यांच्या नावाने सगळा बदल अडवला जातो. पण यावर उपाय आहे आणि तो वापरातही आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 55 वर्षांवरच्या माणसाला घरपट्टी पुढे ढकलता येते. ती व्याजासह साठते आणि घर विकलं किंवा वारसांकडे गेलं की वसूल होते. बाईंच्या हयातीत त्यांच्याकडे कुणी वसुलीला येत नाही. कोटीचं घर ज्या पुतण्याला मिळतं तो देतो. हे ऐकल्यावर हरकत घेणाऱ्यांपैकी काही गप्प होतात आणि काहींचा आवाज चढतो. चढणारा आवाज बहुधा पुतण्याचा असतो.

याहून मला राग येतो तो अभय योजनेचा. घरपट्टी थकली की दरमहा 2 टक्के शास्ती लागते. ज्याने वेळेवर भरलं त्याला थोडीफार सूट मिळते. ज्याने वर्षानुवर्षं भरलंच नाही, त्याच्यासाठी अधूनमधून योजना येते: मूळ रक्कम आणि व्याजाचे 25 टक्के भरा, 75 टक्के माफ. कल्याण-डोंबिवलीत हे एकापेक्षा जास्त वेळा झालं. आता थकबाकीत एखादा रिक्षावाला असतोच, पण मोठ्या रकमा त्याच्या नसतात. दोन-तीन योजना बघितल्यावर हुशार माणूस हिशेब करतो की न भरणंच फायद्याचं. शहर चालवण्यासाठी लागणारा पैसा मग वेळेवर भरणाऱ्यांकडून घ्यायचा, आणि त्यांना भोळे म्हणायचं.

सगळ्यात वाईट गोष्ट घडली ती डोंबिवलीच्या 65 इमारतींत. बनावट कागदपत्रांवर बांधकाम परवानग्या दाखवल्या गेल्या, त्यावर महारेराची नोंदणीही मिळवली गेली, आणि लोकांनी घरं घेतली. 2022 साली प्रकरण बाहेर आलं, नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने इमारती पाडायचा आदेश दिला. तिथल्या माणसांनी मुद्रांक शुल्क भरलं होतं, नोंदणी फी भरली होती, बँकेचे हप्ते चालू होते. कर भरणारा नागरिक म्हणून जे जे करायचं ते सगळं त्यांनी केलं. अनधिकृत बांधकामाला पालिका घरपट्टी लावते, आणि ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही हेही कायद्यात लिहिलेलं आहे. म्हणजे कर घेण्यापुरती इमारत आहे, हक्क द्यायची वेळ आली की नाही. बेकायदा बांधकामावर दुप्पट शास्तीची तरतूद आहे, पण ती येते राहणाऱ्याच्या बिलावर. बांधणारा तोवर पुढच्या प्लॉटवर पोचलेला असतो.

पालिका हे सगळं का चालवून घेते, याचं उत्तर तिच्या उत्पन्नात आहे. पूर्वी नाक्यावर ट्रक थांबवून जकात घेतली जायची. ठाण्यात 2013 साली तिची जागा एलबीटीने, म्हणजे स्थानिक संस्था कराने घेतली, 2015 साली बहुतेक व्यापाऱ्यांपुरता तोही गेला, आणि 2017च्या जीएसटीनंतर उरली ती राज्याकडून येणारी नुकसानभरपाई. जकात काही चांगला कर नव्हता, नाक्यावरची चिरीमिरी सगळ्यांना माहीत होती. पण ती पालिकेच्या हातात होती. आता हातात उरली घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांतून येणारं विकास शुल्क. घरपट्टीला हात लावायचा तर मतं जातात. म्हणून पालिका उरते बिल्डरच्या विकास शुल्कावर आणि मंत्रालयाच्या मर्जीवर. ज्याच्या पैशावर शहर चालतं त्याचं शहरात ऐकलं जातं, मग घोडबंदरला एकामागून एक टॉवर उभे राहतात आणि त्यांच्या पाण्याची आणि रस्त्याची चौकशी नंतर होते. जे कमी पडतं ते घरटी सारख्या रकमेच्या शुल्कांतून काढायचं. कचरा शुल्क असंच आहे, घरामागे ठरावीक. बंगल्याचा कचरा आणि चाळीतल्या खोलीचा कचरा बघायला कुणी येत नाही. थॅचरबाईंनी 1990 साली इंग्लंडमध्ये माणशी एकच कर आणला, लंडनच्या रस्त्यांवर दंगल झाली आणि त्यांची खुर्ची गेली. आपल्याकडे दंगल होत नाही, बिल येतं आणि आपण गुगल पे करतो.

शिवाय ठरवतं कोण? कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर 2020 मध्ये आणि ठाण्यात मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. तेव्हापासून जानेवारी 2026च्या निवडणुकांपर्यंत कर, शुल्क, अर्थसंकल्प सगळं प्रशासकाने ठरवलं. 2015 साली कल्याण-डोंबिवली पालिकेत आलेल्या 27 गावांतले लोक ग्रामपंचायतीच्या काळातली घरपट्टी आणि आताची शेजारी ठेवून दाखवत राहिले, नळाला पाणी नाही म्हणून ओरडत राहिले, आणि सभागृहात त्यांच्या वतीने बोलायला माणूस नव्हता. पलावासारख्या एकात्मिक वसाहतीतले लोक म्हणत राहिले की रस्ते-दिवे आमचे आम्ही करतो, तर पूर्ण कर कशाचा? दोन्ही तक्रारींत तथ्य आहे, पण त्या एकाच मापाने मोजता येत नाहीत. वसाहतीतल्याला सेवा स्वतः विकत घेणं जमतं. भोपर किंवा आजद्याच्या खोलीत राहणाऱ्याला टँकर विकत घेणंही जमत नाही. कर म्हणजे फक्त मिळालेल्या सेवेची किंमत असं एकदा मान्य केलं, की ज्याला सगळं विकत घेता येतं त्याने काहीच द्यायला नको, आणि ज्याला पालिकेशिवाय पर्याय नाही त्याचीच पालिका कंगाल होते.

यावर काय करावं याबद्दल माझं मत काही अद्भुत नाही. घराची किंमत ठरवणं अवघड आहे असं पालिका सांगते तेव्हा हसू येतं. नोंदणी विभागाचा रेडी रेकनर विभागवार दर छापतो आणि घर विकत घेताना सरकार त्याच दराने मुद्रांक शुल्क मोजून घेते. म्हणजे खरेदीच्या दिवशी घराची किंमत सरकारला रुपयापर्यंत माहीत असते, आणि दुसऱ्या दिवशी पालिकेला ती माहीत नसते. मुंबईने 2010 पासून भांडवली मूल्यावर कर लावायला घेतला, त्याच्या नियमांतला काही भाग न्यायालयात टिकला नाही, पण पद्धत टिकली. ठाणे-कल्याणने त्या चुका टाळून पुढे जावं. राहत्या पहिल्या घराच्या किमतीतला खालचा टप्पा सगळ्यांनाच माफ असावा, मग तो दिव्याचा असो की नौपाड्याचा. त्यावर चढते टप्पे. दुसऱ्या-तिसऱ्या आणि कुलूप लावून ठेवलेल्या घराला जास्त. जुन्या इमारतींचा दर एका रात्रीत नाही, पाच-सात वर्षांत वर आणावा. वृद्धांना पुढे ढकलायची मुभा. अभय योजना बंद. आणि व्यवसाय कराची 1988 सालची मर्यादा उचलायला संसदेत कुणीतरी प्रश्न विचारावा. जिल्ह्यातून तीन खासदार जातात.

हे होईल असं मला लगेच वाटत नाही. ज्यांना कमी भरावं लागेल ते विखुरलेले आहेत, टिटवाळ्यात, दिव्यात, नांदिवलीत, आणि त्यांना माहीतही नाही. ज्यांना जास्त भरावं लागेल ते जुन्या वॉर्डांत एकवटलेले आहेत, सुशिक्षित आहेत, वर्तमानपत्रांना पत्रं लिहितात. म्हणून सुरुवात दरापासून करूच नये. नव्या नगरसेवकांनी पहिल्या अर्थसंकल्पी सभेत एवढंच मागावं: प्रभागवार, दर चौरस मीटरला सरासरी किती घरपट्टी पडते, आणि त्याच प्रभागाचा रेडी रेकनरचा दर काय, हे दोन रकाने शेजारी शेजारी छापा. तिसऱ्या रकान्यात प्रभागातली थकबाकी. ही सगळी माहिती मालमत्ता कर विभागाच्या संगणकात आजही आहे, आणि ती छापायला कुठलाही कायदा बदलावा लागत नाही.